पाझरचाचणी

अणुवीज केंद्राची जीप फाटकातून गावाकडे वळली की शिरसोळ्यातली माणसं केस विंचरून ओट्यावर येऊन बसत. कोणाच्या डोक्यावर तपासणीची टोपी चढेल, सांगता येत नसे.

पुंडलिकराव राऊळांनी तर तयारी आधीच करून ठेवली होती. त्यांची शलाका अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात कायम व्हायची होती, आणि त्याआधी घरची चौकशी होणार होती. चौकशी म्हणजे चौकशी, मग ती स्थळाची असो की नोकरीची! त्यांनी तीन बहिणी उजवल्या होत्या. पाहुण्याला आधी कोणाच्या ओट्यावर टेकवायचं, शेजारच्या जनाकाकूंनी कुठल्या वाक्याला पदर डोळ्याला लावायचा, सगळं ठरलेलं. जनाकाकूंचं कौतुक उधार मिळत नाही हे जाणून बरका फणस आदल्या दिवशीच पोचता झाला होता.

"एवढंच म्हणायचं, मुलगी बापापासून काही लपवत नाही."

"आणि खरंच नाही लपवत रे, पुंडलिका?"

"माझ्यापासून या गावात काय लपलंय?"

ते खरंच होतं. कोणाचा माड कोणाच्या हद्दीत झुकतो आणि कोणाची सून कशावरून माहेरी गेली, हे त्यांना त्या घरच्यांच्या आधी कळे. शलाका वर्षभरात जरा घुमी झाली होती. पण कामाचा ताण, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

चौकशीला केंद्राच्या डॉ. अरुंधती लोंढे आल्या. हातात तारांची टोपी, मासे पकडायच्या पागासारखी. जनाकाकू फणसाला जागल्या.

"मुलगी म्हणजे आरसा हो! केंद्रात दिवसभरात काय झालं, ते रात्रीच्या जेवणाला बापाच्या पानात वाढलेलं असतं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "पुंडलिकराव, आत चला."

आपण हुंड्याच्या बैठकीत चुकीचा आकडा बोलून बसलो, असं काहीतरी पुंडलिकरावांना वाटलं.

"मॅडम, कौतुकाने बोलली ती. काय चुकलं?"

"आमच्या पाइपाला बारीक गळती असली तर डोळ्यांना दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मग पाण्यात किंचित किरणोत्सारी द्रव्य सोडतो. ते बाहेर जिथे सापडेल, तिथे गळती. माणसांचंही आम्ही तसंच करतो. वर्षभर शलाकाच्या कानावर काही बनावट गोष्टी घातल्या. एखादं नाव, एखादी जागा, एखाद्या आजाराची कुजबूज. त्या जगात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाहीत. आम्ही त्यांना खूणगोष्टी म्हणतो. कानावर आलेल्यातली कुठली खूणगोष्ट आणि कुठली खरी, हे तिलाही माहीत नाही."

"आणि टोपी?"

"ती तुमच्या डोक्यावर. पडद्यावर तिचा फोटो येईल, मागून शब्द. जे आधी ऐकलंय ते दिसलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत मेंदूत एक लहर उठते. ओळखलहर. जीभ खोटं बोलते, ही बोलत नाही. मध्ये तिच्या आयुष्यातल्या खऱ्या गोष्टीही येतील, यंत्र नीट चालतंय ना, हे कळायला."

"आणि खूणगोष्टीला लहर उठली तर?"

"तर शलाकाला केंद्राचं फाटक बंद. कायमचं."

पुंडलिकरावांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे अज्ञान मागितलं.

टोपी चढली. पडद्यावर शलाकाचा फोटो आला. 'छबू.' तिचं घरातलं नाव. पडद्यावरची रेघ पाण्यात दाबून सोडलेल्या बोयासारखी उसळली. मग 'निशिकांत बोडस.' रेघ सपाट. 'सतारीचा वर्ग.' सपाट. 'डाव्या कानाचं ऑपरेशन.' 'दापोलीची खोली.' ओहोटीच्या पुळणीसारखी रेघ सपाट ती सपाटच.

बाईंनी टोपी काढली तेव्हा त्या हसत होत्या. "अभिनंदन! इतकं कोरडं घर मी पाहिलं नाही. जनाकाकूंचं बोलणं म्हणजे नुसती माया, तसंच नोंदवते."

"यातलं खरं काय होतं हो?"

"ते सांगता येत नाही. खोट्यापेक्षा खरं जास्त होतं, इतकंच."

"म्हणजे तिचा कान..."

"पुंडलिकराव, चाचणी दर वर्षी असते. खूणगोष्टी नव्या असतात. तिच्याबद्दल नवं जे कळेल, त्यातलं काहीही आमचं असू शकतं."

पुंडलिकराव उठले. मग सदऱ्याची सुरकुती झटकून ओट्यावर आले आणि चार घरांना ऐकू जाईल असे गरजले, "जनाकाकू! मला माझ्या लेकीचं काहीएक ठाऊक नाही! खुद्द केंद्राने कबूल केलंय!"

गावाने त्यांचं बोलणं उलट प्रश्नाशिवाय मान्य केलं, ते त्याच दिवशी.

संध्याकाळी शलाका आली. पुंडलिकरावांनी स्वतः पान मांडलं, तिसऱ्यांची आमटी वाढली.

"आबा, पहिल्या नंबराने पास झालात म्हणे."

"मग? बाप कोणाचा आहे!"

ती मनापासून हसली. कितीतरी महिन्यांनी. त्या भरात, तिच्या डाव्या हाताला बसलेले पुंडलिकराव हळूच म्हणाले, "छबू, दमलीस का गं?"

तिला ऐकू गेलं नाही. मग ओठ हलल्याचं ध्यानात आल्यासारखी तिने मान पुरती फिरवली आणि उजवा कान पुढे केला. "काय म्हणालात?"

पुंडलिकरावांनी नजर झटकन ताटात घातली. शिरसोळ्यातली झुकलेली झाडंसुद्धा टिपणारे ते डोळे तिसऱ्यांच्या शिंपल्या निरखत राहिले.

"विचारायचं होतं का काही, आबा?"

"छे! मी कशाला विचारू?"

आणि ती मान पुन्हा वळलेली दिसू नये, म्हणून ते शेजारपाजारला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "आमटीत मीठ बरोबर आहे ना गं?"