जॅगोचा गळपट्टा

लव्हडे पेनरोझ लेकाचं, जॅगोचं, चित्र काढून घ्यायला हेस्टरकडे आली, तेव्हा फाल्मथ बंदरावर छान ऊन पडलं होतं. जॅगोचं जहाज हिवाळ्यात यायचं, ते आलंच नाही. गावाने त्याला बुडालेला धरलं होतं. आईने मात्र अजून काळे कपडे घातले नव्हते.

"चेहरा तुझ्या ओळखीचाच आहे. गळपट्टा तेवढा उंच काढ, कडक खळीचा," ती म्हणाली. "कधी नीट बांधला नाही मेल्याने." आणि तिने जीभ चावली.

त्या काळी गळपट्ट्याची फॅशनच अशी, की मान वळवायची तर अख्खा माणूस वळवावा लागे. हेस्टरने तळहातात मावणाऱ्या हस्तिदंताच्या तुकड्यावर तो थेट हनुवटीला भिडवला.

सकाळी पाहते तर गाठ सैल. तिने चाकूच्या पातीने रंग खरवडला आणि पुन्हा घट्ट रंगवली. दुसऱ्या सकाळी गळपट्टाच नव्हता. उन्हाने रापलेली उघडी मान, गालांवर दाढीचं रान, आणि खोलीभर खाऱ्या पाण्याचा वास. असलं चित्र आईला दाखवायचं कसं? सगळा चेहराच खरवडावा म्हणून तिने कपाळावर पाती टेकवली, एक ओरखडा ओढला…

"थांब."

दारात लव्हडे उभी होती. तिने चित्र उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"बाई, हे… हे मी काढलेलं नाही."

"माहीत आहे. मेलेल्याची दाढी वाढत नाही, पोरी. ती पाती आत ठेव."

शिंप्याने शिवून आणलेला काळा पोशाख लव्हडेने आल्या पावली परत धाडला. गाव हसलं. हेस्टर हसली नाही. भीत भीत का होईना, तीही वाट पाहू लागली.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत देवमासे मारणाऱ्या एका जहाजातून जॅगो उतरला. आईने त्याला मिठी मारली आणि रडता रडताच विचारलं, "गळपट्टा कुठाय तुझा?"

"बेटावर काठीला बांधून फडकवला, आई. तो दिसला म्हणून तर ते थांबले."

हेस्टरला आनंदाने रडू फुटलं. मग तिची नजर त्याच्या कपाळावर गेली. तिथे केसाएवढा बारीक, सरळ व्रण होता.

"हे कशाने…?"

"कोण जाणे. गळपट्टा काठीला बांधला त्याच सकाळी, एकटाच निजलो होतो. कपाळाला काहीतरी थंडगार टेकलं… आणि कुणीतरी 'थांब' म्हणालं. आवाज अगदी आईचा."

हेस्टरने दोन्ही हात पाठीमागे नेले.