सहाव्या अक्षरावरचा श्वास

सांगलीच्या छंदविज्ञान प्रयोगशाळेत शर्वाणी ठोसरने प्राध्यापक दिगंबर विचारे यांचा आवाज यंत्रात चढवला आणि ती पडद्यापुढे उभी राहिली. एक्केचाळीस वर्षं ती या उत्तराची वाट पाहत होती. उत्तर यायला अकरा सेकंद लागले. विचाऱ्यांच्या नावावर असलेल्या ‘उन्हाची कड’ या संग्रहातल्या चाळीस कवितांशी विचाऱ्यांची श्वासमुद्रा जुळत नव्हती.

“म्हणजे त्या कविता त्यांच्या नाहीत,” डॉ. रेहाना मुजावर म्हणाली. ती छातीविकारतज्ज्ञ होती. यंत्राची मूळ कल्पना तिचीच.

कल्पना साधी होती. वृत्तात लिहिणारा माणूस ओळ आधी ओठांत घोळवतो. शिखरिणी वृत्तात सतरा अक्षरं असतात आणि सहाव्या अक्षरावर थांबा, म्हणजे यती. लघु-गुरूंचा साचा सगळ्यांना सारखाच असतो. पण त्या साच्यात शब्द कुठे तोडायचा, जोडाक्षरं कुठे टाळायची, यतीच्या आधी दम किती उरू द्यायचा, हे ज्याची त्याची फुफ्फुसं ठरवतात. तीसचाळीस कविता आणि तासभराचं सहज बोलणं मिळालं, की कविता कोणाच्या श्वासावर बेतली आहे ते यंत्र सांगत असे. दहावीच्या परीक्षेत स्वतः रचलेल्या कवितांना वीस गुण होते आणि मुलं त्या कविता संगणकाकडून लिहून आणत, म्हणून परीक्षा मंडळाने हा प्रकल्प हाती घेतला होता. पाठ्यपुस्तकातल्या कवींपासूनच तपासणीला सुरुवात व्हावी, हे कलम मात्र शर्वाणीने स्वतः घातलं होतं. विचारे त्या पाठ्यपुस्तक समितीचे अध्यक्ष होते, आणि वृत्तांच्या धड्याला उदाहरण म्हणून त्यांचीच कविता होती.

मुक्तछंदातली कविता चोरली तर चार शब्द बदलून पचवता येते. वृत्तातली बदलता येत नाही, एक अक्षर हललं की ओळ लंगडते. विचाऱ्यांनी काहीच बदललं नसणार, याची तिला खात्री होती.

तिच्या वडिलांच्या, जनार्दन ठोसर ऊर्फ आप्पांच्या, वहीतल्या त्या कविता होत्या. काही त्यांच्या नावाने मासिकांत आल्या होत्या, पुस्तकाची बोलणी झाली होती. तेवढ्यात विचाऱ्यांनी वहीच्या वही स्वतःच्या नावाने छापली. मासिकांतल्या कविताही आपल्याच, ठोसरांनी त्या उचलल्या, असं ते सांगू लागले. आप्पांनी भर संमेलनात त्यांना जाब विचारला. विचारे हसून म्हणाले, खरा कवी असशील तर आत्ता इथे एक शिखरिणी रचून दाखव. आप्पा ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले आणि त्यांना एक ओळ सुचली नाही. सहा वर्षांची शर्वाणी पहिल्या रांगेत बसली होती. त्यानंतर गावाने आप्पांनाच चोर ठरवलं. साखर कारखान्याच्या कचेरीत मान खाली घालून त्यांनी उरलेली वर्षं काढली आणि तसेच ते गेले. विचाऱ्यांना त्याच ध्वनिक्षेपकापुढे उभं करायचं, या एका इच्छेवर शर्वाणी शिकली, मोठी झाली.

तीन दिवसांनी यंत्राचं उद्घाटन होतं. विचारे प्रमुख पाहुणे होते.

“आता आप्पांचा आवाज घाल,” रेहाना म्हणाली. “विचाऱ्यांच्या नाहीत एवढंच सिद्ध झालंय. आप्पांच्या आहेत हे नाही.”

शर्वाणीने वडिलांच्या जुन्या ध्वनिफिती चढवल्या. अकरा सेकंदांनी पडद्यावर तेच उत्तर आलं. जुळत नाही.

तिने पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा. शेवटी रेहानाने तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः प्रयोगशाळेकडच्या सगळ्या आवाजांशी कविता ताडून पाहिल्या. यंत्राच्या सरावासाठी त्यांनी दोनशेवर माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं. एक नाव वर आलं, अठ्ठ्याण्णव टक्के. वत्सला जनार्दन ठोसर.

शर्वाणी घरी गेली तेव्हा आई गवार मोडत बसली होती. शर्वाणीने काही न विचारता उत्तराचा कागद पुढे ठेवला. वत्सलाबाईंनी तो वाचला आणि हात पुसले.

लग्नानंतरच्या सात वर्षांत लिहिलं होतं, त्या म्हणाल्या. तुझ्या आप्पांनी पहिल्या चार कविता स्वतःच्या नावाने पाठवल्या. मी विचारलं तर म्हणाले, घरातलंच तर आहे, तुझं माझं काय. मी गप्प बसले. पुढे पुस्तक काढायचं ठरलं, अर्पणपत्रिकासुद्धा त्यांनी त्यांच्या आईच्या नावे लिहिली.

“मग विचाऱ्यांनी वही कशी चोरली?”

“चोरली नाही. मी दिली.”

शर्वाणीने कागद पुन्हा हातात घेतला. आई बोलत होती.

“आपलं दुसऱ्याच्या नावावर गेलं की कसं वाटतं, ते त्यांना कळायला हवं होतं. दिगंबररावांना म्हटलं, छापा, मी तोंड उघडणार नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही, वहिनी, ह्या कोणाच्या म्हणून. अक्षर माझं होतं, शर्वाणी. दोघांनाही ओळखता आलं असतं.”

मग त्यांनी पाठ्यपुस्तक मागून घेतलं आणि त्यातल्या त्या कवितेची ओळ सावकाश म्हटली.

तुझ्या नावाखाली मम दडवले श्वास सगळे.

सहाव्या अक्षरावर त्या थांबल्या होत्या, अगदी जेवढं थांबायला हवं तेवढंच. पुस्तकात खाली टीप होती, ‘येथे कवी ईश्वराला उद्देशून बोलत आहे.’

“ईश्वर कुठला? ही अन्योक्ती आहे, वरवर देवाला, खरं म्हणजे तुझ्या आप्पांना,” आई म्हणाली. “दोघांनीही माझा आरोप स्वतःच्या सहीने छापला. आणि तुझ्या यंत्राला आवाज हवाय म्हणालीस, तेव्हा सगळ्यांच्या आधी मी येऊन बसले. ते का, हे तू विचारलं नाहीस.”

आप्पा त्या संमेलनात का गप्प झाले ते शर्वाणीला आता कळलं, आणि त्यांची कीव येण्याआधी तिला राग आला. तो नक्की कोणावर, हे तिला ठरवता येईना. आप्पा जाईपर्यंत तू एकदाही सांगितलं नाहीस, ती म्हणाली. नाही, आई म्हणाली, आणि गवार पुन्हा पुढ्यात ओढली.

उद्घाटन रद्द करता येणार नव्हतं, आणि पाठ्यपुस्तकातल्या कवींपासून सुरुवात करायचं कलम तिचंच होतं. सभागृहात विद्यार्थी, शिक्षक, मंडळाचे अधिकारी बसले होते. विचाऱ्यांनी मोठ्या मनाने आपल्याच कवितांपासून सुरुवात करायला सांगितलं. ‘जुळत नाही’ हे उत्तर आल्यावर ते एकदम उभे राहिले. यंत्र चुकतंय, असं काहीतरी ते बोलू लागले. तेवढ्यात पडद्यावर वत्सलाबाईंचं नाव उमटलं. त्यांनी समोरच्या रांगेत बसलेल्या वत्सलाबाईंकडे पाहिलं आणि ते खाली बसले. मागच्या बाकांवरून एका शिक्षकाने मोठ्याने म्हटलं, म्हणजे ठोसरही चोरच होता. शर्वाणीने ते ऐकलं. तिला ते नाकारता आलं नाही.

मंडळाचे सचिव वत्सलाबाईंपाशी गेले. नव्या आवृत्तीत नाव दुरुस्त करावं लागेल, पडद्यावर आहे तसंच पूर्ण छापायचं का, असं त्यांनी अदबीने विचारलं.

“नाही. मधलं काढा. शेवटचंही काढा.”

सचिवांना कळेना. माहेरचं आडनाव लावायचं का, ते म्हणाले. वत्सलाबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि व्यासपीठावरच्या आपल्या लेकीकडे पाहिलं.

यंत्राचा ताबा शर्वाणीकडे होता. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ठोसर लिहिलं होतं. तिने नोंद उघडली, आधी आडनाव पुसलं, आणि जरा थांबून वडिलांचं नावही.