पांघरुणातला घोडा

"तुम्ही तिचा श्वास कुलपात ठेवलाय, सर! उघडा ते कपाट!"

मिरची ऑफिसच्या दारात उभी राहून ओरडली. सुट्टीच्या शिबिरातली सगळी मुलं तिला मिरची का म्हणायची, ते त्या क्षणी कुणालाही कळलं असतं.

आत शिबिरप्रमुख चहा पीत होते. बाहेरच्या बाकावर मासोळी बसली होती. हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, आणि प्रत्येक श्वासाला छातीतून शिट्टी! तळ्यात भल्याभल्यांना मागे टाकणारी ही पोरगी कोरड्या बाकावर बसून बुडत होती.

"औषधं ऑफिसात जमा करायची, असा नियम आहे," प्रमुख म्हणाले. "आणि हिला दम रोज झोपायच्या वेळेलाच बरा लागतो! नाटकं आहेत सगळी."

"नाटकं?" वकील पुढे सरसावला. हा मिरचीचा मावसभाऊ. चष्मा कायम घसरलेला, तोंड कायम चालू. "ओठ निळे पाडायचं नाटक कसं करतात, सर? एकदा करून दाखवा ना!"

प्रमुखांनी किल्ली टेबलावर आपटली. मिरचीनं कपाट उघडून दम्याचा पंप काढला आणि मासोळीच्या हातात दिला. औषध आत गेलं. हळूहळू शिट्टी बारीक झाली.

"पंप आता हिच्या खिशात राहणार," मिरची म्हणाली. "आणि डॉक्टरांना बोलवा. तोवर मी इथून हलत नाही!" ती उंबऱ्यावर फतकल मारून बसली. प्रमुखांना बाहेर जायचं होतं. जाणार कसे? शेवटी झक मारत फोन लावावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी मासोळीला तपासलं. "हिला घोड्यांची ॲलर्जी आहे, हे माहीत आहे ना? घोड्यांजवळ गेली होती का?"

"छे हो! तबेला मैदानाच्या त्या टोकाला," प्रमुख घाईघाईनं म्हणाले. "घोडेस्वारीतून तिचं नाव आम्ही पहिल्याच दिवशी काढलं. ती फक्त पोहते."

"मग हा त्रास कशामुळे होतो, ते शोधा. आणि सापडेपर्यंत तिला त्या झोपायच्या खोलीत नेऊ नका. दम्याशी खेळ नको!"

प्रमुखांनी मान डोलावली आणि शोधायचं सोडून भलताच मार्ग काढला. रविवारी पालक भेटायला येणार होते. तेव्हाच मासोळीनं आईबरोबर घरी जायचं. म्हणजे पोहण्याची शर्यतही गेली!

"मी गेले, तर सगळे म्हणतील, खोटारडी पळाली," मासोळी म्हणाली. ती आता डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पाहुण्यांच्या खोलीत होती. डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. "मी जाणार नाही."

"रडू नकोस. साक्ष दे," वकिलानं चष्मा वर ढकलला. "पोहताना दम लागतो?"

"नाही."

"जेवताना? खेळताना?"

"नाही रे."

"खाटेवर पडल्या पडल्या?"

मासोळी थांबली. "नाही... पांघरूण घेतलं की लागतो!"

मिरची उठून पळालीच. मासोळीचं पांघरूण तिनं व्हरांड्यात उन्हात पसरलं. निळ्या लोकरीत आखूड, राठ, तपकिरी केस अडकलेले होते.

"हे कुणाचे? आपल्या खोलीत तर सगळ्यांचे केस काळे."

"शेजारच्या खाटेवर घोडा झोपतो का गं?" वकील म्हणाला, आणि दोघंही एकदम धुलाईखोलीकडे धावले.

ती स्वयंपाकघराच्या मागे होती. आत एक अजस्र मशीन घरघरत होतं. थांबल्यावर धुलाईवाल्या काकांनी झाकण उघडलं आणि खोगिराखाली घालायच्या जाड गाद्या ओढून काढल्या. त्याच पिंपात लगेच मुलांच्या खोलीतली पांघरुणं कोंबली!

"काका! घोड्यांचं आणि आमचं एकाच मशीनमध्ये?"

"तबेल्याचं मशीन बिघडलंय. सर म्हणाले, दुरुस्ती होईस्तोवर यातच उरक."

"मधे मशीन साफ नाही करत?"

"साबणानं धुतो, तर साफ कशाला करायचं? साबण काय फुकट फेस काढतो?"

वकिलानं मशीनची जाळी खेचली. तपकिरी केसांचा ओला बोळा त्याच्या तळहातावर पडला. "ईईई! हे तर अख्खं शेपूट निघालं!"

काका डोकं खाजवू लागले. घोड्यांपासून मासोळीला लांब ठेवलं म्हणून सगळे निश्चिंत होते, आणि तबेला रोज तिच्या नाकापर्यंत पांघरला जात होता!

मिरचीनं जाऊन प्रमुखांना सांगितलं. ते हसले. "मशीनमधून निघालं की सगळं स्वच्छ. जा, खेळा."

बरं!

रविवारी सभागृह पालकांनी भरलं. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. मिरचीनंच फोन केला होता. प्रमुख खास काळा कोट घालून भाषण करत होते. "आमच्याकडे स्वच्छता म्हणजे स्वच्छता! इथली पांघरुणं तुमच्या घरच्यापेक्षा स्वच्छ!"

मिरची उभी राहिली. "सर, मग एक अंगावर घेऊन दाखवा ना! पांघरुणांच्या कपाटातलं, धुतलेलं. तुमच्याच पसंतीचं."

मासोळी दूर, दाराबाहेर आईजवळ उभी होती. पंप खिशात.

प्रमुखांनी मोठ्या झोकात एक निळं पांघरूण निवडलं, खांद्यांवर लपेटलं, एक गिरकी घेतली. "बघा! आहे का काही?"

"आता काढा," वकील म्हणाला.

त्यांनी काढलं. पुढच्या रांगेतली एक लहान मुलगी खिदळली. काळ्या कोटावर कॉलरपासून खिशापर्यंत तपकिरी केसच केस!

"सर, तुम्हाला आयाळ फुटली!" कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसून हसून कोसळलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "केस दिसतात तरी. त्यांच्याबरोबर घोड्याच्या कातडीचा बारीक कोंडा येतो, तो दिसतही नाही. ज्याला सोसत नाही, त्याची श्वासनलिका आवळली जाते. माणूस जाऊ शकतो, साहेब! हे तुमच्या ध्यानात आलं नाही. या पोरांच्या आलं." त्यांनी मिरची आणि वकिलाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! मोठ्यांनी करायचं काम तुम्ही केलंत."

मासोळीच्या आईनं दोघांना जवळ ओढलं. काकांनी पांघरुणं मागच्या दारानं बाहेर हलवली. मशीन साफ होईपर्यंत आणि घोड्यांचं दुसरीकडे धुतलं जाईपर्यंत मासोळीला घरून आणलेली चादर मिळणार होती. तिचं नाव शर्यतीत परत आलं.

प्रमुखांनी घाम पुसला. "हुशार हो आपल्या शिबिराची मुलं! चला, टाळ्या वाजवा!"

"टाळ्या नकोत," दारातून आवाज आला.

मासोळी उंबऱ्यावर आली होती. कुणी टाळी वाजवली नाही.

"मशीन बिघडतं, सर. ते मला कळतं. पण मी बाकावर बसून श्वास मागत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि नाटक म्हणालात. का?"

प्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. मिरचीनं एक खुर्ची सरकवत त्यांच्यासमोर आणली.

"बसा, सर. आम्हाला सुट्टी आहे, घाई अजिबात नाही. तिनं काहीतरी विचारलंय. उत्तर द्या!"