झाळलेली पेटी

शेजारच्या बुरुलकाकूंकडचा चहाचा मोठा समोवार मागून आणायचा, एवढंच काम घेऊन बेगिमाय त्या दुपारी घराबाहेर पडली होती. माणसं खूप येणार होती, चहा कमी पडून चालणार नव्हतं.

"सांभाळून ने हो," काकू म्हणाल्या. "तुझ्या लग्नात नेला तेव्हा तोटी वाकवून परत केलात. आणि आता..." डोक्याच्या रुमालाच्या टोकानं त्यांनी डोळे टिपले. मग हळूच विचारलं, "कचेरीत नोंद केली होतीत का गं लग्नाची?"

"पुढच्या सुट्टीत करू म्हणाले होते."

"सगळे मेले हेच म्हणतात. आपल्यात काय, मुल्लांनी वाटीतलं पाणी पाजलं की झालं लग्न!"

झालं होतं खरं. आणि नव्या नवरीच्या हातची खीर जिरते न जिरते तोच एरमेक रशियाला गेला, कुठल्याशा शहरात, गोदामात माल चढवायला. त्या गोदामाला आग लागली. कुठकुठल्या देशांची पोरं होती आत. बाकीच्यांच्या शवपेट्या आधीच्या विमानांनी आपापल्या घरी गेल्या. एरमेकची आज येत होती.

ती उन्हं उतरताना आली. जस्ताची, कडेनं झाळून बंद केलेली. अंगणात मयतासाठी लोकरीचा गोल तंबू उभा केला होता, त्यात पडद्याआड ती ठेवली. बाहेर पुरुष काठ्यांवर रेलून मोठ्यानं रडू लागले. आत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि रडगाणं धरलं. मयताच्या तंबूत शेगडी पेटवत नाहीत. ओल्या लोकरीचा वास, धूप म्हणून जाळलेल्या झुडपाचा वास, आणि या सगळ्याखाली कुठेतरी गरम धातूसारखा एक वास... गरम असायचं काहीच कारण नसताना.

बेगिमायला एकच हवं होतं. त्याचं तोंड एकदा बघायचं होतं. लग्नानंतर ती त्याच्याकडे सरळ बघायलाही लाजायची. आत्ता कुठे लाज मोडायला लागली होती, तर तो निघून गेला. आता डोळे मिटून आठवू गेली की केस दिसायचे, कान दिसायचा, चेहरा काही पुरा जुळत नव्हता.

दिवेलागणीला बायका जेवायला घरात गेल्या. घोडा कापला होता, रस्सा निवतो म्हणून मागून हाका येत होत्या. तंबूत उरल्या दोघी, ती आणि सासू. सासूला सगळं घर अपा म्हणायचं. अपा बातमी आल्यापासून रडल्या नव्हत्या. गावात त्यावरून कुजबुज चालली होती.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला.

कुणीतरी गुणगुणत होतं. ओझी उचलणारी माणसं तोंड मिटून गुणगुणतात ना, तसं. मध्येच दम लागल्यासारखं थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. चाल या डोंगरांतली नव्हती. मग शब्द आले. एकही कळला नाही.

बेगिमाय भिंतीकडेच बघत राहिली. "अपा..."



ती उठली, तशीच बाहेर गेली. एरमेकचा थोरला भाऊ सुयुन चुलत्यांबरोबर चुलाणापाशी उभा होता. विमानतळावरून त्यानंच सही करून पेटी ताब्यात घेतली होती.

"भावजी, पेटी उघडा. आत... आत हे नाहीत."

सुयुनचे डोळे सुजलेले होते. "काय बोलतेस?"

"आत दुसरंच कुणीतरी आहे. मी ऐकलं."

"सून कधी तोंड उघडत नाही म्हणून आम्ही कौतुक करायचो," एक चुलता म्हणाला, "आणि उघडलं तर हे!" कुणीतरी हसलं आणि लगेच वरमलं.

"उघडणार नाही अशी सही केली आहे मी," सुयुन दमल्या आवाजात म्हणाला. "उघडा म्हणायचा हक्क आईचा आहे. माझा आहे. तू... वाईट वाटून घेऊ नकोस पोरी, पण सरकारदरबारी तू त्याची कुणीच नाहीस. मला तिथं विचारलं, बायको आहे का? मला नाही म्हणावं लागलं."

कुणीच नाही. तरी काळं नेसायचं तिनंच, भिंतीकडे तोंड करून बसायचं तिनंच. ती परत आत आली आणि अपांच्या पायांशी बसली.

"अपा, तुम्ही सांगा. तुमचं कुणी मोडणार नाही."

गुणगुणणं चालूच होतं. अपांनी तिचा हात हातात घेतला. अपांचा हात बर्फासारखा होता.

"पेटी आत आणली तेव्हापासून ऐकते आहे मी," अपा म्हणाल्या. "माझ्या पोराला कधी सूर म्हणून नव्हता."

"मग उघडा ना..."

"आणि मग? याला परत नेतील. पुन्हा कुठल्या थंड खोलीत ठेवतील, नंबर लावतील. आणि माझा? तो आधीच्या विमानानं याच्या घरी गेला असेल. कुणीतरी त्याला माती दिली असेल. त्याला उकरून काढा म्हणू?"

"पण मला त्यांचं तोंड बघायचंय, अपा. एकदाच."

"मला नाही बघायचं?" अपांचा आवाज चिरला. मग त्या खाली वाकून म्हणाल्या, "हेही कुणाचं तरी पोर आहे. आपण याला नीट पोचवलं, तर तिकडच्या बाईनंही माझ्याला नीट पोचवलं असेल, असं मला समजता येईल. एवढंच राहिलंय माझ्या हातात. घर बांधायचं होतं त्याचं... ते राहिलं. रड पोरी. तुझ्याच माणसासाठी रडल्यासारखी रड. याला ऐकू जाऊ दे."

बेगिमायनं भिंतीकडे तोंड केलं आणि रडगाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला पडद्यामागचं गुणगुणणं थांबलं. कुणीतरी कान देऊन ऐकावं, तसं.

सकाळी मयत उचललं. सुयुननं रिवाजाप्रमाणे जमलेल्यांसमोर उभं राहून विचारलं, "कसा माणूस होता हा?"

"चांगला माणूस होता," सगळे म्हणाले.

दाराआडून ऐकताना अपांनी मान हलवली. "असेल," त्या पुटपुटल्या. "चांगलाच असेल."

बायका कबरस्तानात जात नाहीत. पुरुष गेले, हातांना माती लावून परत आले, जेवले, पांगले. संध्याकाळी रिकाम्या तंबूत बेगिमाय उष्टे पेले गोळा करत होती. पेटी ठेवली होती तिथलं गवत दबलेलं होतं.

तिथून, जमिनीच्या आतून, एका बाईच्या रडण्याचा आवाज आला.

फार लांबून. विहिरीच्या तळातून यावा तसा. भाषा कळत नव्हती, पण रडगाणं कळत होतं. पोर गेलेल्या बाईचं रडगाणं कुणालाही कळतं. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं, परकं, ना या गावातलं ना या देशातलं.

अपा कधी आत आल्या ते बेगिमायला समजलं नाही. त्या गवतावर गुडघे टेकून बसल्या, कान जमिनीला लावला.

"चांगली बाई आहे," त्या म्हणाल्या. "मनापासून रडते आहे." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं.

बेगिमायही त्यांच्याशेजारी आडवी झाली. ओल्या मातीला गाल टेकला. खाली ती बाई त्याच परक्या नावानं हाक मारत होती. हाक मारायची... थांबायची... पुन्हा मारायची.

आणि तिच्या प्रत्येक हाकेला खालून कुणीतरी ओ देत होतं. हळू, संकोचून, परक्या घरी पाहुणा बोलतो तसं.

आवाज एरमेकचा होता.