‘दुपारची पाहुणी’चं अकरावं रीळ

रविवारची जेवणं उरकली की तिघे मित्र दंतवैद्याच्या घरी जमायचे आणि अजून बाजारातही न आलेल्या चित्रपटांवरून भांडायचे. बाजारात तुरी म्हणतात, तसलाच प्रकार. जुने चित्रपट धुऊनपुसून डिस्कवर काढणारी एक कंपनी होती. तिची नव्या वर्षाची यादी येण्याआधी प्रत्येकाने दहा नावं कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, आणि ज्याचे अंदाज सर्वांत जास्त चुकतील त्याने वर्षभर सगळ्यांना चहा करून पाजायचा, असा त्यांचा नियम. तिघांचीही साठी उलटलेली, पण आवाज असा की शेजारणीने एकदा दार वाजवून "कोणी गेलं का हो?" म्हणून विचारलं होतं.

दंतवैद्याकडे पडदा मोठा, म्हणून बैठक त्याच्याकडे. दुसरा चष्मेवाला. कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि कुठला चित्रपट कितव्या रांगेत बसून पाहिला तेसुद्धा तो सांगायचा. तिसरा निवृत्त ग्रंथपाल. ही गोष्ट त्याची आणि त्याच्या बायकोची.

ग्रंथपालाने चाळीस वर्षं खपून जुन्या चित्रपटांची सूची केली होती. नाव, साल, लांबी, रिळं, नटनट्या आणि दोन ओळींत गोष्ट, सगळं एका जाड वहीत, शाईच्या पेनाने. दर वर्षी तो तिची प्रत संग्राहकांच्या मंडळाला द्यायचा, आणि दर वर्षी कोणीतरी महाभाग ती उचलून स्वतःच्या नावावर खपवायचा. असले चोर पकडायची सूचीवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. खऱ्या नोंदींत एक खोटी नोंद घुसडून द्यायची. ती ज्याच्या यादीत सापडेल तो चोर.

नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून त्याने अशी नोंद रचली. खोटं बोलायचं तर रेटून बोलावं, म्हणून सगळं तपशीलवार. नाव ‘दुपारची पाहुणी’. लांबी एकशे आठ मिनिटं, रिळं अकरा. दिग्दर्शक म्हणून शाळेतल्या भूमितीच्या सरांचं नाव दिलं, आणि नायिका म्हणून बायकोचं माहेरचं नाव, जे आता तिच्या धाकट्या बहिणीखेरीज कोणाच्या ओठी नव्हतं. पात्रं दोनच, बाई आणि पाहुणी. गोष्टीत लिहिलं, ‘भर दुपारी घरात एकटी असलेल्या बाईकडे एक अनोळखी पाहुणी येते.’ पुढे काही सुचेना. मग त्याने लिहून टाकलं, ‘अकरावं रीळ उपलब्ध नाही.’

बायको मागून डोकावली. "अहो, माझं नाव कशाला त्यात?"

"तुला नटी करून टाकली. फुकटात."

"आणि शेवटी माझं काय होतं?"

"शेवट हरवलाय."

"बरंय. तुमचं सगळं अर्धवटच," ती म्हणाली आणि दोघंही हसली. त्या नोंदीने पुढे दोन चोर पकडून दिले. नंतर तो ती विसरूनही गेला.

या वर्षीची यादी आली तेव्हा दंतवैद्याने ती मोठ्याने वाचायला घेतली. सातव्या नावावर तो थांबला. मग खुर्चीतून उठलाच.

"अरे, ‘दुपारची पाहुणी’! मूळ निगेटिव्हवरून! आणि... ऐका, ऐका... हरवलेल्या अकराव्या रिळासह!"

ग्रंथपाल खो खो हसला. "चांगली फिरकी घेतलीत. हा चित्रपट नाहीच. मी रचलाय तो."

"तू रचलास?" चष्मेवाला म्हणाला. "मी पाहिलाय रे तो. तेरा-चौदा वर्षांचा असेन. मावशीबरोबर, शेवटून तिसऱ्या रांगेत. त्यात ती बाई दाराकडे जाते ना, तिथे मावशी उठली आणि मला ओढत बाहेर घेऊन गेली. का, ते कधीच सांगितलं नाही तिने."

"उगाच काहीतरी."

"अरे, मावशीचा हात कसा गार पडला होता ते अजून आठवतंय मला."

चष्मेवाल्याला थापा मारता येत नसत. मारायला गेला की त्याचे कान लाल व्हायचे. आता ते लाल झाले नव्हते. दंतवैद्यही म्हणाला की ती नटी एकाच चित्रपटात दिसली, मग कुठे गेली कोणास ठाऊक. ती कुठे आहे ते ग्रंथपालाला ठाऊक होतं. ती घरी होती, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड बोलणारी मुलगी होती.

"सर, तुमचे तर आभारच मानायचेत! तुमच्या सूचीत नोंद वाचली म्हणून तर आम्ही शोधायला लागलो. आणि गोदामात डबे निघाले की हो. अकराच्या अकरा."

"डब्यांवर काय लिहिलंय?"

"तुम्ही लिहिलंय तेच. शब्दन्‌शब्द. सर, एक विचारू? नायिकेचा फोटो असेल का तुमच्याकडे? वेष्टनावर टाकायला हवा होता. आख्ख्या चित्रपटात तिचा चेहरा नीट कुठे दिसतच नाही... म्हणजे अकराव्या रिळापर्यंत."

त्याने फोन ठेवला. बायकोने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा पडलाय?" तो म्हणाला, "काही नाही." तिला सांगावं असं फार वाटत होतं त्याला. पण सांगितलं तर ते खरं होईल, अशी एक वेडी भीती जिभेवर बसली होती.

डिस्क आली त्या रविवारी दंतवैद्याने पडदे ओढून खोलीत अंधार केला. बाहेर लख्ख ऊन होतं, आणि पडद्यांच्या फटींतून त्याच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या. चित्रपट सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोच खोलीत आंबूस, शिरक्यासारखा वास पसरला. तिघांनीही तो ओळखला. जुनी फिल्म डब्यात कुजायला लागली की असा वास येतो. पण डिस्कला कसला वास? दंतवैद्याने उठून खिडकी उघडून पाहिली. वास गेला नाही.

पडद्यावर एक स्वयंपाकघर होतं. एक बाई पाठमोरी उभी राहून भांडी धूत होती. कुठे संगीत नव्हतं, नुसता नळाचा आवाज. मग तिने कपाळावर आलेले केस मनगटाने मागे सारले, बोटं ओली होती म्हणून. ग्रंथपाल खुर्चीत पुढे सरकला. पस्तीस वर्षं हे तो रोज बघत आला होता, हेच मनगट आणि मानेचा हाच झटका.

पुढे कितीतरी वेळ काहीच घडत नव्हतं. बाई घरात वावरत होती. कुठे काही ठेवत होती, काही उचलत होती, मध्येच थांबून कानोसा घेत होती. दहाव्या रिळाच्या शेवटी दारावर टकटक झाली. बाई गेली, तिने दार उघडलं. बाहेर कोण आहे ते दिसत नव्हतं.

"या," बाई म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते."

आवाज बायकोचा होता. आताचा नव्हे, तो पहिल्यांदा तिला भेटला तेव्हाचा.

ग्रंथपाल उठला आणि अंधारात ठेचकाळत बाहेर पडला. पायांत चपला घातल्यात की नाही याचंही भान त्याला नव्हतं. धापा टाकत जिना चढून त्याने घराचं दार उघडलं, तर बायको खिडकीशी बसून दोऱ्याचा गुंता सोडवत होती.

"अहो! कोण लागलंय मागे?"

त्याने तिचा हात धरला. तो ऊबदार होता. "कोणी आलं होतं का?"

"दुपारचं कोण येणार?"

संध्याकाळी चष्मेवाल्याचा फोन आला.

"आम्ही शेवटपर्यंत पाहिलं," तो म्हणाला.

"तिला काही होतं का? सांग मला."

"तू... तू बघू नकोस ते रीळ."

"अरे, पण काय आहे त्यात?"

"बघू नकोस म्हणतो ना. आणि दुपारी... दुपारी जपून राहा रे." एवढं बोलताना त्याला हुंदका आला आणि त्याने फोन ठेवला. दंतवैद्याने तर फोन उचललाच नाही.

त्या दिवसापासून ग्रंथपालाने दुपारी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. दाराला दोन कड्या लावल्या. बायको झोपली की तो तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसायचा. "मी काय तान्हं मूल आहे?" ती आधी चिडली, मग हसली, मग गप्प झाली. तिला काय झालं तर आपण एक दिवसही जगणार नाही, हे त्याला त्या दिवसांत पुरतं कळलं. आणि हे सगळं आपणच ओढवून घेतलं, नसत्या हुशारीपायी, हेही.

आठव्या दुपारी ती गाढ झोपली होती. इमारत चिडीचूप होती. एवढ्यात खाली जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. पहिल्या मजल्यावर थांबली, पुन्हा चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. ग्रंथपालाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. त्याची पाचावर धारण बसली. आणि त्याच क्षणी त्याला एक गोष्ट लख्ख दिसली. डब्यांवर त्याचेच शब्द होते. जे त्याने लिहिलं तेच झालं होतं, आणि जे लिहायचं सोडलं तिथून ही पाहुणी आत शिरत होती. शेवट उघडा राहिला होता. तो बंद करायला हवा.

त्याने वही काढली. पेन उघडताना शाईचा थेंब पानावर पडला. ‘अकरावं रीळ उपलब्ध नाही’ ही ओळ खोडून त्याने खाली लिहिलं, ‘अकराव्या रिळात पाहुणी निघून जाते. बाई सुखरूप.’ पावलं आता दाराशी होती. कड्या हलल्या. जन्मभर नोंदी लिहिणारा माणूस तो, नोंदीत फट ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. ही बया घरात लपून राहिली तर? त्याने घाईघाईने आणखी एक वाक्य घातलं, ‘घरात बाईशिवाय दुसरं कोणीही नाही.’

पावलं वळली. जिना उतरत गेली. खाली फाटक वाजलं आणि पुन्हा सगळं शांत झालं. त्याचा जीव भांड्यात पडला. तो तोंडावर हात धरून लहान मुलासारखा रडला.

बायको जागी झाली, आळस देत उठली.

"गेली ती," तो म्हणाला. "आता सगळं सांगतो तुला."

ती त्याच्या अगदी जवळून स्वयंपाकघरात गेली. रागावली असेल, त्याला वाटलं. इतके दिवस घरात कोंडून ठेवलं, रागावणारच. तिने चहाचं आधण ठेवलं. एक कप पाणी मोजून घातलं. एकच.

"मला नाही का?" त्याने विचारलं.

तिने कप भरला आणि टेबलाशी येऊन बसली. टेबलावर वही नव्हती. पेनही नव्हतं. भिंतीवरचा त्यांचा लग्नाचा फोटो जिथे असायचा तिथे नुसता चुना होता, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. तेव्हा त्याला आपण काय लिहून बसलो ते कळलं. त्याने तिला हाक मारली. पुन्हा मारली. मग माहेरच्या नावाने मारली, मोठ्याने, घसा फाटेपर्यंत. ती फुंकर घालून चहा पीत राहिली.

फोन वाजला. तिने उचलला. धाकट्या बहिणीचा होता.

"बरी आहे गं," ती म्हणाली. "एकटीला काय धाड भरलीय? इतक्या वर्षांची सवय आहे... हो, डिस्क आलीय म्हणे त्या चित्रपटाची. मी नाही बघणार बाई, स्वतःलाच बघायला कसंसंच वाटतं... शेवटचं रीळ? ते तर एका दुपारीच उरकलं होतं. मी नुसतं बसून चहा प्यायचा, एवढंच काम."

मग तिचा आवाज खाली आला.

"पण सांगते तुला, तेवढा भाग आठवला की अजून अंगावर काटा येतो. समोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. कोण, कुठले, देव जाणे. सारखे मला हाका मारत होते गं... माझ्या नावाने. इतके रडत होते... मला वाटलं, उठावं, विचारावं, काय हवंय म्हणून. पण आमचे दिग्दर्शक सर म्हणाले, तिकडे बिलकूल बघायचं नाही. बघितलंत तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

तिने कपातला शेवटचा घोट घेतला.

"म्हणून मी नाही बघितलं," ती म्हणाली.