तिसऱ्या बाकावरचा चुकलेला सूर

चष्मा डोळ्यांवर ठेवावा, खुर्चीवर नव्हे. हे शहाणपण तिला त्या गुरुवारी दुपारी सुचलं खरं, पण तोवर ती खुर्चीवर बसून चुकली होती. कट् असा बारीकसा आवाज झाला आणि चष्म्याची एक दांडी खुर्चीखाली गेली.

तिचं पोटपाणीच डोळ्यांवर. एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची, आणि तिच्या नजरेतून वेलांटीसुद्धा निसटत नाही म्हणून सगळे तिला वचकून असत. वडील चर्चचे पाळक. त्यामुळे रविवारच्या उपासनेचं पत्रक तयार करणं हेही ओघानं तिच्याच गळ्यात. त्यात ईस्टर तीन दिवसांवर आलेला. बाहेर वसंतातली भुरभुर सुरू होती. तुटका चष्मा मुठीत धरून ती समोर दिसलेल्या पहिल्या चष्म्याच्या दुकानात शिरली.

आत एक माणूस पाठमोरा उभा राहून भिंग घासत होता. रुंद खांदे, मान किंचित डावीकडे कललेली...

"अय्या, ही पाठ मी पाहिलीय!" ती बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

तो वळला. "लोक सहसा चेहरा ओळखतात."

"चेहरा दाखवता कुठे तुम्ही? आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवता ना? आमच्याकडे पाठ करून बसता, आणि शेवटचं आमेन व्हायच्या आत बाजूच्या दारानं पसार!"

"मी मात्र तुम्हाला ओळखतो. तिसरा बाक, कडेची जागा."

"पाठीला डोळे आहेत वाटतं?"

"ऑर्गनवर आरसा असतो. पाळकसाहेबांची खूण दिसावी म्हणून." तो चष्मा उलटसुलट बघत म्हणाला, "कधीकधी वाटतं, साहेब जरा डावीकडे सरकून उभे राहिले तर बरं होईल."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कुणी इतक्या गंभीर चेहऱ्यानं असं बोलतं का?

"रविवारी सकाळी चर्चमध्येच आणून देतो," तो म्हणाला. "तोवर जुना वापरा. आणि हो — ईस्टरचं नवीन गीत साहेबांनी तुमच्याकडे द्यायला सांगितलंय." त्यानं कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून दिला. दुकानातला, डोळ्यांचा नंबर लिहायचा कागद.

"तुम्हीच रचलंत? मग पहिल्यांदा तुम्हीच गाऊन दाखवा."

"मी गात नाही."

"आवाज बसलाय?"

"धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून. दोन वर्षं झाली. वाजवतो, पण तोंडातून शब्द फुटत नाही."

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की तिची सगळी थट्टा जागच्या जागी विरघळली. "बरंय... येते," एवढंच म्हणून ती भुरभुरीत बाहेर पडली. घरापर्यंतच्या वाटेवर तो काही केल्या मनातून जाईना.

आता मुद्रितं तपासणाऱ्यांची एक खोड असते. ती माणसं अर्थ वाचतच नाहीत, अक्षरं वाचतात. अर्थात गुंतलं की चूक निसटते, हा त्या धंद्यातला पहिला धडा. तिनं संध्याकाळी नाकावर जुना चष्मा चढवून गीत टाइप केलं, एक स्वल्पविराम जागेवर बसवला, ऱ्हस्वदीर्घ दोनदा तपासलं. चाल जमते का, हे ओळीतली अक्षरं बोटांवर मोजून पाहिलं. एकूण एक बरोबर. शनिवारी दोनशे प्रती छापून तयार!

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. चर्चच्या फाटकापाशी त्यानं चष्मा तिच्या हातात ठेवला. बोटांना बोटं लागली, आणि दोघांनीही हात जरा उशिरानंच मागे घेतला.

"नीट दिसतंय ना?"

"सगळं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे बघायचं सोडून उगाच आभाळाकडे बघू लागली.

बाकावर आत्याशेजारी बसून तिनं पत्रक उघडलं. आणि पहिल्यांदाच, चारचौघांसारखं, तिनं ते अर्थासाठी वाचलं.

*दोन वर्षे बोटांनीच*
*गाणी तुझी वाजवली*
*ओठ मात्र मिटलेले*
*प्रार्थनाही थिजलेली*

*धोंडा थडग्याच्या दारी*
*तसा माझ्याही मनाशी*
*कोण लोटील म्हणत*
*बसलो मी अंधाराशी*

*आज फुटला अंकुर*
*वाळलेल्या खोडातून*
*तूच हाक दिली, प्रभू,*
*तिसऱ्याच बाकातून*

*सूर तिचा चुकलेला*
*भाव मात्र किती खरा*
*ऐकताना उठलो मी*
*आला वसंत सामोरा*

हे गीत नव्हतं, हे त्याचं खाजगी मागणं होतं. देवाशी एकट्यानं बोललेलं. आणि ते तिनं दोनशे लोकांच्या हातात दिलं होतं.

"अगं, तिसऱ्या बाकावर तर आपण बसतो," आत्या कुजबुजली. मग तिचा आवाज चढला. "सूर चुकलेला? माझा? अख्ख्या मंडळीत एक माझा तर आवाज..."

पुढचं ऐकायला ती बाकावर नव्हतीच. ती थेट ऑर्गनपाशी पोचली आणि तिनं पत्रक त्याच्यासमोर धरलं. त्यानं वाचलं. हात खिशात गेला, आणि तसलाच दुसरा कागद बाहेर आला. खरं गीत त्याच्यावर होतं.

"दोन्ही एकाच चालीवर लिहिली होती," तो पांढराफटक पडून म्हणाला. "दिवसभर लोकांना पाटीवरची बारीक अक्षरं वाचायला लावतो मी. आणि स्वतः कागद उलगडून बघितला नाही."

"आणि मी उलगडून, टाइप करून, दोनदा तपासून पाहिला नाही! पप्पांना सांगते, दुसरं गीत घेऊ. चूक माझीच म्हणेन. पत्रकं गोळा करते..."

"वाचून झालीयत सगळ्यांची."

खरंच होतं. बाकाबाकांवर माना खाली गेल्या होत्या. पुढच्या रांगेत सेक्रेटरीकाका, ज्यांच्यापुढे अख्खी कमिटी चळचळा कापायची, ते कपाळाला आठ्या घालून कागदाकडे पाहत होते. दोन वर्षं प्रार्थना न करणारा माणूस चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, हे त्यांनी आता वाचलं होतं.

त्यानं बाजूच्या दाराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण तिला तेवढं पुरेसं होतं. आज हा त्या दारातून गेला, की पुन्हा कुठल्याच चर्चची पायरी चढणार नाही. नुकता फुटलेला कोंब खुडून जाईल, आणि तो खुडणारा हात तिचा असेल.

"जाऊ नका," ती म्हणाली. "प्लीज... माझ्यासाठी नको, पण त्या कवितेसाठी तरी. ती खरी आहे."

तेवढ्यात व्यासपीठावरून पप्पांचा आवाज आला, "आता आपण नवीन गीत गाऊ या."

त्यानं एक लांब श्वास घेतला आणि हात पट्ट्यांवर ठेवले. "तुम्ही जागेवर जा. आरशात तो बाक रिकामा दिसला, तर मला वाजवता येणार नाही."

पहिलं कडवं लोक चाचरत गायले. दुसऱ्याला एक भरडा आवाज सगळ्यांच्या वर चढला. सेक्रेटरीकाका! या थंडीत त्यांची बायको गेली होती, आणि 'कोण लोटील म्हणत' या ओळीला तो आवाज चिरकला, पण थांबला नाही. तिसऱ्या कडव्याला एकेक मान तिसऱ्या बाकाकडे वळू लागली. आणि चौथं कडवं आलं तेव्हा सगळेच गप्प झाले. कुणी हसू दाबत होतं, कुणी संकोचलं होतं. नुसता ऑर्गन वाजत राहिला... एकटा.

मग ती उभी राहिली. तिनं कडवं उचललं. सूर चुकला. अर्थातच चुकला! आत्यानं डोळे मिटून घेतले. पण दुसऱ्याच ओळीला ऑर्गनच्या बाजूनं आणखी एक आवाज येऊन मिळाला. गंजलेल्या बिजागरीसारखा करकरणारा, मधेच अडकणारा, पण शब्द न् शब्द उच्चारणारा. तो गात होता. आरशात तिला त्याचे डोळे दिसले, आणि तिची छाती इतकी हलकी झाली की पुढची ओळ तिला गाताच आली नाही. ती सगळ्या मंडळीनं गायली.

पप्पांनी हातातल्या पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "आजचा माझा उपदेश पाच मिनिटांचा. बाकीचं तुम्ही आत्ताच गायलात." चर्चभर सुटकेचं हसू पसरलं.

उपासना संपल्यावर तो बागेत उभा होता. सेक्रेटरीकाका तरातरा त्याच्याकडे गेले, तेव्हा तीही लगबगीनं मागोमाग गेली. पण काकांनी फक्त घसा खाकरला. "दुसरं कडवं जरा मोठ्या अक्षरात लिहून द्याल मला? घरी लावीन म्हणतो."

काका गेले. राहिली दोघं आणि ओल्या गवताचा वास.

"खरंच इतका चुकतो माझा सूर?"

"दर रविवारी."

"मग शिकवा की."

"शिकवीन. सावकाश." तो हसला, मग गंभीर झाला. "मला तुम्ही आवडता. आता दोनशे जणांना ठाऊक आहे ते. तुम्हालाच तेवढं तोंडानं सांगायचं राहिलं होतं."

"मघाशी तुम्ही गेला असता ना," ती म्हणाली, "तर मीही उठून मागोमाग आले असते. पाळकांची मुलगी, ऐन ईस्टरला, भर उपासनेतून! एवढे आवडता तुम्ही मला."

तो मोठ्यांदा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "धाकट्याला तुम्ही फार आवडला असता," तो म्हणाला.

फाटकापाशी आत्या डोळे वटारून बघत होती. बघू दे. तिनं त्याचा हात हातात घेतला.

"त्याच्याबद्दल सांगा ना मला. अगदी सगळं."

दोन वर्षांत त्यानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तो सांगू लागला.