डाव्या मोज्याची नोंद

विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिचं आपलं एकच, कारखान्यात एवढा टापटीप आणि घरी साधा कप विसळवत नाही.

मी इंजेक्शनच्या बाटल्या भरायचो. त्या भरतात बंद काचेच्या पेटीत, आणि आपला हात आत जातो तो पेटीच्या भिंतीला बसवलेल्या लांब रबरी मोज्यातून. आपल्या अंगावरचे जंतू आणि ते औषध, यांच्यामध्ये फक्त तेवढं रबर. पेटीत हवेचा दाब जास्त, त्यामुळे रिकामे मोजे फुगून बाहेर येतात, कुणी हात पुढे केल्यासारखे.

त्या दिवशी बॅच संपल्यावर नेहमीप्रमाणे मोजे तपासले. डाव्याच्या तर्जनीला टाचणीच्या टोकाएवढं भोक. माझंच नख, सकाळी कापायचा कंटाळा केला होता. नियम सरळ होता, कळवायचं आणि सगळी बॅच फेकायची. पण आठवड्याभरात मी सुपरवायझर होणार होतो. मी मोजा बदलला, जुना कचऱ्यात दाबला आणि वहीत लिहिलं, 'ठीक'.

पंधरा दिवसांनी बातमी आली. बाळंतपणाच्या ऑपरेशनला त्याच बॅचचं इंजेक्शन पाठीच्या कण्यात दिलेली एक बाई तापाने गेली. चौकशीवाले माझी वही पाहून समाधानाने परतले. ठपका बसला इस्पितळातल्या नर्सवर, नोकरीही गेली तिची. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर गप्प बसला.

सुपरवायझर झालो तरी पेटीवरचं काम सुटलं नव्हतं. पुढच्या सोमवारी डाव्या मोज्यात हात घातला, तर रबर आतून गरम... पेटीत पांढऱ्या दिव्याखाली बाटल्यांच्या रांगा, दुसरं काही नाही. तरी माझी तर्जनी कुणीतरी धरली. कळ आली की बाई जवळच्याचा हात आवळते, तशी. ओढला तरी हात सुटेना. हवेच्या घरघरीत कुणी दातावर दात दाबून कण्हत होतं. मग पकड सैल झाली. बोटावर चार नखांच्या खुणा उमटल्या होत्या.

सहा महिने रोज हेच. भीती वाटायची, पण त्याहून लाज जास्त वाटायची. शेवटी एका दुपारी पत्ता शोधून नर्सच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. माझ्या बोटाकडे पाहिलं आणि नावही न विचारता आत घेतलं.

"गेली तेव्हा तिच्या हातात माझा हात होता," ती म्हणाली. "नंतरही काही दिवस धरायची... मग सोडला. तुमच्याकडे आली होय?"

मी सगळं सांगितलं. नख, भोक, 'ठीक'. लिहून सहीही करून दिली. तिने कागद दोनदा वाचला आणि रडली. माझ्यावर रागावली नाही, तेच जास्त लागलं. आणि बोट मोकळं झालं. खरंच सांगतो, मलाही रडू आलं.

तेवढ्यात माझ्या उजव्या हाताची करंगळी कुणीतरी धरली. हलकेच... एवढ्याशा, ओल्या बोटांनी.

"तिचं बाळ..." मी कसंबसं विचारलं.

"आहे की. आजीपाशी वाढतंय," नर्स कागदाची घडी घालत म्हणाली. "अंगाने चांगलं बाळसं धरलंय. फक्त उजवी मूठ जन्मापासून उघडलेली नाही. डॉक्टरही थकले. सोडवायला गेलं की रडतं, आणि आत काहीतरी धरलेलं हाताला लागतं म्हणे..."